निवृत्तीचा पैसा : केव्हा घ्यावा, कसा घ्यावा



शाळेने चालविलेल्या या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याची संधी मला मिळाली, हा मी माझा बहुमान समजतो. या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास, शेती, सहकार अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलून गेली. मी गणित शिकविणारा एक निवृत्त शिक्षक. माझ्याजवळ सांगण्यासारखे जे आहे ते आकड्यांचेच. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते दर शनिवारी आम्हां मुलांकडून घरचा जमाखर्च लिहून घेत. त्यात रताळ्याच्या एका गाडीचे पैसे कधी आले, याची तारीख राहिली तर ते वही परत करीत. रक्कम तर लिहिली आहे, मग तारखेवाचून काय अडते, असे आम्हाला वाटे. तारखेवाचून किती अडते हे मला निवृत्त झाल्यावर कळले. आजचे व्याख्यान त्या तारखेविषयीच आहे.

विषय सुचण्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी बँकेचे कागद घेऊन घरी आल्या. कुटुंब निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज एवढाच त्यांचा आधार. कर बसावा इतके उत्पन्न कोणत्याच वर्षी नव्हते. तरीही सलग सहा वर्षे व्याजातून कर कापला जात होता आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. बेरीज केली तेव्हा कापलेली रक्कम पन्नास हजारांच्या घरात गेली. "भावजी, कापलेले पैसे म्हणजे गेलेलेच की ओ?" असे त्यांनी विचारले. शेवटच्या वर्षाचे विवरणपत्र भरून तेवढा पैसा परत मिळविता आला. आधीच्या वर्षांची मुदत उलटली होती. विलंब माफ करावा म्हणून अर्ज करण्याची वाट कायद्यात आहे. परंतु त्या वाटेने जाण्याचे बळ वहिनींपाशी उरले नव्हते. एका साध्या घोषणापत्रावर वर्षाच्या आरंभी सही झाली असती, तर हे पैसे त्यांच्या औषधपाण्याला आले असते.

हा अनुभव त्यांच्या एकटीचा नाही. आपल्या पंचक्रोशीत निवृत्तांची घरे पुष्कळ आहेत. कोणी कर्नाटक शासनाच्या शाळेतून निवृत्त झाले, कोणी चंदगड-कोल्हापूरकडे महाराष्ट्र शासनाची नोकरी करून गावी परतले, कोणी मराठा लाइट इन्फन्ट्रीत उमेदीची वर्षे घालवून आले, तर कोणी कारखान्यात राबले. राज्यांमध्ये सीमा आहे आणि तिचे दुःख आपण जाणतो. आयकर कायदा मात्र केंद्राचा असल्यामुळे निवृत्तिवेतन बेंगळुरूहून येवो वा मुंबईहून, त्याचे नियम सर्वांना सारखेच आहेत. म्हणून हे विवेचन सर्वांच्या उपयोगी पडेल अशी आशा आहे.

प्रारंभीच एक खुलासा. कर चुकविण्याच्या युक्त्या मी सांगणार नाही. देणे असलेला कर आनंदाने द्यावा. परंतु देणे नसलेला कर अज्ञानापोटी देत राहणे यात देशसेवा नाही. या दोहोंमधील अंतर ओळखता यावे, एवढाच माझा हेतू आहे.

एकच पैसा, दोन वेळा

राकसकोपचा जलाशय आपल्याला जवळचा. पावसाळ्यात भरलेले ते पाणी बेळगाव शहराला पुढे अनेक महिने पुरते, कारण ते बेताबेताने उचलले जाते. तेच पाणी एकदम सुटले तर मार्कंडेयाकाठची भातशेती पाण्याखाली जाते. पाणी तेच, फरक पडतो तो सोडण्याच्या वेळेने आणि मापाने. निवृत्तीच्या पैशाचेही असेच आहे. आपला आयकर वर्षावर आकारला जातो. १ एप्रिल ते ३१ मार्च या बारा महिन्यांत किती उत्पन्न झाले, ते पाहून दर ठरतो आणि उत्पन्न वाढत जाते तसा वरच्या भागावरील दरही वाढतो. म्हणून पाच वर्षांत पसरलेल्या पैशावर जेथे काहीच कर बसला नसता, तेथे तोच पैसा एका वर्षात आला तर कर बसतो.

दोन उदाहरणे घेऊ. सेवेत असताना शिल्लक रजा विकून पैसे घेतले तर ते पगारात मिळविले जातात आणि करपात्र ठरतात. तीच रजा निवृत्तीपर्यंत राखून ठेवून त्या वेळी तिचे पैसे घेतले, तर सरकारी कर्मचाऱ्यास ती रक्कम पूर्णपणे करमुक्त आहे. इतर नोकरदारांना ही सवलत ठराविक सूत्राने मिळते आणि तिची कमाल मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून ३ लाखांवरून २५ लाख रुपये झाली आहे.

दुसरे उदाहरण भविष्य निर्वाह निधीचे. गोव्यात किंवा पुण्यात नोकरी करणारी आपली मुले नोकरी बदलताना जुन्या खात्यातील पैसे काढून मोकळी होतात. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्यापूर्वी काढलेली ही रक्कम सामान्यतः करपात्र असते. तोच निधी नव्या मालकाकडील खात्यात वर्ग केला, तर आधीची सेवा पुढे जोडली जाते आणि पाच वर्षांनंतर काढलेली शिल्लक करमुक्त होते. येथेही पैसा तोच आहे. बदलली आहे ती तारीख.

निवृत्तीच्या वेळची रक्कम

निवृत्त होताना हाती येणाऱ्या रकमांत ग्रॅच्युइटी म्हणजे उपदान, रजेचे पैसे, भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाच्या काही भागाचे एकरकमी मूल्य या मुख्य होत. शेवटच्या प्रकाराला आपण कम्युटेशन म्हणतो. सरकारी कर्मचाऱ्याचे उपदान आणि कम्युटेशनची रक्कम या दोन्ही करमुक्त आहेत. उपदान कायद्याखाली येणाऱ्या खाजगी कर्मचाऱ्यांसाठी उपदानाची करमुक्त मर्यादा २० लाख रुपये आहे. खाजगी कर्मचाऱ्यांचे कम्युटेशन, उपदान मिळाले असल्यास निवृत्तिवेतनाच्या एक-तृतीयांश भागापुरते आणि उपदान मिळाले नसल्यास निम्म्या भागापुरते करमुक्त धरतात. अनुदानित संस्थांतील सेवकांनी आपण यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, याचा खुलासा निवृत्तीपूर्वीच लेखी करून घ्यावा. नंतरच्या पत्रव्यवहारात वर्षे जातात.

कम्युटेशनविषयी एक गैरसमज रूढ आहे. "एकरकमी पैसा करमुक्त, दरमहाचा करपात्र, म्हणून जेवढे घेता येईल तेवढे आधी घ्यावे," असे सांगितले जाते. वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे, निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा. कम्युटेशन केले की दरमहाचे निवृत्तिवेतन तेवढ्याने कमी होते आणि सरकारी सेवेत साधारणपणे पंधरा वर्षांनी ते पूर्ववत होते. ज्याच्या एकूण निवृत्तिवेतनावर मुळातच कर बसत नाही, त्याने कर वाचविण्यासाठी म्हणून हात आखडून पंधरा वर्षे काढण्यात अर्थ नाही. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, फेडायचे कर्ज अशी खरी गरज असेल तर ही रक्कम जरूर घ्यावी. निर्णय गरजेवर व्हावा. कर हा त्यातील एक मुद्दा आहे, सर्वस्व नव्हे.

दरमहाचे निवृत्तिवेतन

निवृत्तिवेतन हे कायद्याच्या दृष्टीने पगारच आहे. त्यामुळे पगारदाराला मिळणारी प्रमाणित वजावट निवृत्तालाही मिळते. आज कराच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या पद्धतीत पहिले ४ लाख रुपये करमुक्त आहेत. त्यापुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के, १६ लाखांपर्यंत १५ टक्के, असा दर चढत जातो. परंतु एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यास ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जमेस धरली, तर केवळ निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही. उत्पन्न १२ लाखांच्या थोडे पुढे गेल्यास कायदा काही दिलासा देतो : सेस वगळता, १२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न आहे त्याहून अधिक कर घेतला जात नाही. मात्र शेअर किंवा जमीन विकून झालेला जो भांडवली नफा विशेष दराने करपात्र असतो, त्याच्यावरील कराला ही सूट लागू होत नाही.

जुन्या पद्धतीत ६० वर्षांवरील व्यक्तीला ३ लाख आणि ८० वर्षांवरील व्यक्तीला ५ लाख रुपये करमुक्त असून प्रमाणित वजावट ५०,००० रुपये आहे. ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजातून ५०,००० रुपयांपर्यंत वजावट, आरोग्य विम्याची वजावट, बचतीची दीड लाखापर्यंतची वजावट हे लाभ जुन्या पद्धतीचे. नव्या पद्धतीत ते नाहीत. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या निवृत्ताला मुदतीत विवरणपत्र भरताना दर वर्षी यांपैकी एक पद्धत निवडता येते. म्हणून एकदा दोन्ही रीतींनी हिशेब करून पाहावा आणि मगच खूण करावी.

आपल्याकडे निवृत्ताचे शेतही असते. भात, रताळी, काजू यांचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. तथापि ते ५,००० रुपयांहून अधिक असल्यास आणि इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर गेल्यास, दर ठरविताना शेतीचे उत्पन्न विचारात घेतले जाते. म्हणून विवरणपत्रात ते दाखविलेच पाहिजे. करमुक्त म्हणून लपविले, असे होऊ देऊ नये.

थकबाकीचे वर्ष

आता माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या वेतननिश्चितीचा प्रश्न अनेक वर्षे रखडला होता. तो सुटला आणि साऱ्या वर्षांची थकबाकी एका मार्च महिन्यात खात्यावर जमा झाली. त्या आनंदात मी विवरणपत्र भरले आणि थकबाकीवर मिळणारी सवलतही मागितली. परंतु त्यासाठी वेगळा तक्ता आधी सादर करावा लागतो, हे मला ठाऊक नव्हते. काही महिन्यांनी सवलत नामंजूर झाल्याची आणि उरलेला कर व्याजासह भरण्याची सूचना आली. मुलांना चाळीस वर्षे "पायऱ्या लिहा, नुसते उत्तर लिहू नका," असे बजावणारा मी. माझे उत्तर बरोबर होते. पायरी राहिली होती.

ही सवलत काय आहे ते पाहू. समजा, एका निवृत्ताचे वर्षाचे निवृत्तिवेतन ९ लाख रुपये, व्याज दीड लाख रुपये. वजावटीनंतर करपात्र उत्पन्न ९ लाख ७५ हजार. नव्या पद्धतीने कर शून्य. त्याच वर्षी मागील चार वर्षांची थकबाकी ४ लाख रुपये आली. करपात्र उत्पन्न १३ लाख ७५ हजारांवर गेले. ४ ते ८ लाखांच्या टप्प्याचे २०,०००, ८ ते १२ लाखांचे ४०,००० आणि त्यावरील १ लाख ७५ हजारांवर १५ टक्क्यांनी २६,२५० असा ८६,२५० रुपये कर झाला. त्यावर ४ टक्के सेस धरून ८९,७०० रुपये झाले. म्हणजे हा सारा कर केवळ थकबाकीमुळे आला.

कायदा म्हणतो की, ही थकबाकी ज्या ज्या वर्षांची आहे, त्या त्या वर्षी मिळाली असती तर किती कर वाढला असता, ते पाहा. समजा, त्या चार वर्षांत मिळून कर ४०,००० रुपयांनी वाढला असता. मग ८९,७०० उणे ४०,००० म्हणजे ४९,७०० रुपये एवढी सवलत निवृत्ताला मिळते. पैसे उशिरा मिळाले यात त्याचा दोष नाही, म्हणून उशिराचा दंडही त्याने भरू नये, हे यामागील न्याय्य तत्त्व होय. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद ८९ व्या कलमात होती आणि तिचा तक्ता '१०-ई' या नावाने ओळखला जाई. २०२५ साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले, तरी सवलत टिकून आहे. क्रमांक पाठ करण्यापेक्षा "थकबाकीची सवलत आणि तिचा आधी भरायचा तक्ता" एवढे ध्यानात ठेवावे. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीलाही ही सवलत मिळते.

सक्तीची उचल

गेल्या वर्षी अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने मला पत्राने विचारले, "सर, मला पैशांची गरज नाही, तरीही वयाच्या ७३ व्या वर्षी निवृत्तीच्या खात्यातून पैसे काढलेच पाहिजेत असा इथे नियम आहे. हा कर कमी कसा करावा?" या प्रश्नाने आपल्या विषयावर चांगला प्रकाश पडतो.

अमेरिकेत निवृत्तीच्या बहुतेक खात्यांत टाकलेल्या पैशावर त्या वेळी कर घेत नाहीत, काढताना घेतात. माणूस तो कधीच काढणार नाही तर सरकारला कर मिळणार नाही, म्हणून ठराविक वयानंतर दर वर्षी किमान रक्कम काढण्याची सक्ती आहे. हे वय पूर्वी साडेसत्तर होते, २०२० पासून ७२ झाले, २०२३ पासून ७३ आहे आणि १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ते ७५ राहील. आदल्या वर्षाअखेरची शिल्लक एका कोष्टकातील आकड्याने भागतात. ७३ व्या वर्षी हा भाजक २६.५ असतो, म्हणजे ५ लाख डॉलर शिल्लक असल्यास सुमारे १८,८६८ डॉलर काढावे लागतात. न काढल्यास राहिलेल्या रकमेच्या २५ टक्के दंड होतो; वेळीच दुरुस्ती केल्यास तो १० टक्क्यांवर येतो.

तेथील जाणकारांचा सल्लाही अखेर तारखेचाच आहे. नोकरी संपल्यानंतर आणि सक्ती सुरू होण्यापूर्वी उत्पन्न कमी असलेली काही वर्षे मिळतात. त्या वर्षांत थोडे थोडे काढून घ्यावे, म्हणजे पुढची सक्तीची रक्कमही लहान होते. पहिली उचल पुढच्या वर्षाच्या १ एप्रिलपर्यंत लांबविता येते. पण तसे केल्यास एकाच वर्षात दोन उचली येतात आणि कर वाढतो. साडेसत्तर वर्षांनंतर काही प्रकारच्या खात्यांतून थेट धर्मादाय संस्थेला दिलेली रक्कम, ठराविक मर्यादेपर्यंत, करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. जे कायमचे भारतात परततात त्यांच्यासाठी आपल्या कायद्यातही सोय आहे : अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा येथील अशा खात्यांतील उत्पन्नावर दर वर्षी कर न देता, ते काढले जाईल त्या वर्षी देण्याचा पर्याय निवडता येतो.

आपल्याकडे अशी वयाची सक्ती नाही; पण सक्तीचे दुसरे रूप आहे. १ एप्रिल २००६ पासून कर्नाटक शासनाच्या सेवेत रुजू झालेल्यांना आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, म्हणजे एन.पी.एस., लागू झाली. या योजनेत सेवानिवृत्त होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला साठलेल्या निधीतील ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हाती घेता येते व ती करमुक्त आहे. किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीची वार्षिकी घ्यावी लागते. लहान निधीला यातून सूट आहे. वार्षिकी विकत घेताना कर नाही. ती दरमहा हाती येऊ लागली की करपात्र. समजा, निधी ५० लाखांचा आहे : ३० लाख करमुक्त हाती येतात, २० लाखांची वार्षिकी होते.

येथे बहुतेकांची चूक ३० लाखांच्या बाबतीत होते. करमुक्त रक्कम मिळाली म्हणून ती लगोलग मुदत ठेवीत टाकतात आणि त्या दिवसापासून तिचे व्याज वर्षानुवर्षे करपात्र होते. वस्तुतः ही रक्कम साठीनंतरही योजनेत ठेवून, काही वर्षे टप्प्याटप्प्याने काढण्याची मुभा आहे. योजनेत आहे तोवर तिच्या वाढीवर दर वर्षी कर लागत नाही. तेथे बाजाराची चढउतार आहे, हे मात्र विसरू नये. ज्याला लगेच गरज नाही आणि ज्याचे उत्पन्न करमर्यादेच्या काठावर आहे, त्याने या मुभेचा विचार करावा.

घरातल्या घरात

ठेवी बायकोच्या नावावर केल्या की कर टळतो, अशी दृढ समजूत आहे. ती चुकीची आहे. पतीने पत्नीला दिलेल्या पैशाचे व्याज कायदा पतीच्याच उत्पन्नात मिळवितो. पत्नीचा स्वतःचा पैसा मात्र तिचाच राहतो. मग तो पगाराचा असो, माहेरच्या वारशाचा असो वा स्वतःच्या बचतीचा. समजा, एका निवृत्त प्राध्यापकाचे निवृत्तिवेतन ११ लाख ५० हजार आणि सर्व ठेवींचे व्याज २ लाख ४० हजार. वजावटीनंतर १३ लाख १५ हजारांवर सेससह ८०,३४० रुपये कर येतो. यातील निम्म्या ठेवी मुळात पत्नीच्या स्वतःच्या कमाईच्या असून केवळ सोयीसाठी पतीच्या नावावर आल्या असतील, तर त्या आरंभापासून तिच्याच नावे असणे योग्य होते. तसे असते तर पतीचे उत्पन्न ११ लाख ९५ हजार राहून त्याचा कर शून्य झाला असता. बाईच्या नावावर तिचा पैसा असावा, हे न्यायाचे आहेच. येथे ते हिशेबाचेही आहे.

सज्ञान मुलाला दिलेल्या पैशाचे व्याज मात्र बापाच्या उत्पन्नात येत नाही. म्हणून काही जण निवृत्तीची पुंजी मुलाच्या नावे करतात. कायद्याने यात गैर नाही. पण वयाच्या सत्तरीत डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाच्या तोंडाकडे पाहत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. वर्षाला काही हजारांचा कर वाचविण्यासाठी म्हातारपणाची काठी दुसऱ्याच्या हाती देऊ नये. कर दिलेला पैसा आपला असतो; देऊन टाकलेला पैसा आपला राहत नाही.

विधवा भगिनींसाठी

शेवटी वहिनींच्या प्रश्नाकडे वळतो. कुटुंब निवृत्तिवेतन पगार म्हणून न धरता इतर उत्पन्न म्हणून धरतात. त्यामुळे ७५,००० ची वजावट त्याला नाही. नव्या पद्धतीत एक-तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांतील कमी असलेली रक्कम वजा होते. साठीच्या पुढच्या एखाद्या भगिनीला वर्षाला २ लाख ४० हजार निवृत्तिवेतन आणि १ लाख ३० हजार व्याज असेल, तर करपात्र उत्पन्न ३ लाख ४५ हजार, कर शून्य. तरीही बँक व्याजातून १० टक्क्यांनी १३,००० रुपये कापील, कारण ज्येष्ठांच्या बाबतीत वर्षाचे व्याज १ लाखाच्या पुढे गेले की कपात करण्याचे बंधन तिच्यावर आहे. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पूर्वी ५०,००० होती. कपात टाळण्यासाठी, माझ्यावर कर बसत नाही असे घोषणापत्र दर वर्षी एप्रिलमध्ये द्यावे. यालाच आपण इतकी वर्षे 'पंधरा-एच' म्हणत आलो. ते एकदा दिले म्हणजे कायमचे झाले, असे नाही. कपात झालीच असेल, तर विवरणपत्र मुदतीत भरून पैसे परत मागावेत.

ज्यांचे वय ७५ वा अधिक आहे, ज्यांना निवृत्तिवेतन आणि त्याच बँकेतील व्याज याखेरीज उत्पन्न नाही, त्यांनी विहित बँकेत तसे घोषणापत्र दिल्यास बँकच हिशेब करून कर कापते आणि विवरणपत्र भरावे लागत नाही. युद्धभूमीवर किंवा प्रत्यक्ष लष्करी कारवाईत कामी आलेल्या जवानाच्या कुटुंबाचे निवृत्तिवेतन संपूर्ण करमुक्त आहे. परमवीर, महावीर आणि वीर चक्र विजेत्यांचे निवृत्तिवेतनही तसेच. आपल्या भागातील जवानांच्या घरांनी हे कागद एकदा तपासून पाहावेत.

आणखी एक गोष्ट आपल्या सीमाभागाची. १९५६ पूर्वीचे कागद मराठीत, नंतरचे कानडीत, पॅन कार्ड इंग्रजीत. एकाच बाईचे नाव तीन लिप्यांतून प्रवास करताना तीन तऱ्हांचे होते. पॅन आणि आधार यांतील नावे न जुळल्यामुळे जोडणी राहते, पॅन निष्क्रिय होते आणि मग १० टक्क्यांऐवजी साधारणतः २० टक्क्यांनी कपात होते. नावातील एका अक्षराची ही किंमत आहे. पती हयात असतानाच दोघांची नावे सर्व कागदांवर एकसारखी करून घ्यावीत. दुःखाच्या दिवसांत ती धावपळ बाईवर टाकू नये.

मी सांगितलेले दर वर्षागणिक बदलतील. अर्थसंकल्प आला की आकडे पुन्हा पाहून घ्यावेत. तारखेचे महत्त्व मात्र बदलणार नाही. निवृत्तीचा कोणताही पैसा घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : हा पैसा कोणत्या वर्षात येणार, कोणत्या रूपात येणार, कोणाच्या नावे येणार? उत्तरे वहीत लिहावीत आणि ती वही घरातील बाईला कोठे आहे हे ठाऊक असावे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांनी आपापल्या आजी-आजोबांचे पासबुक घेऊन यावे, शिक्षकांनी त्यांना व्याजाची बेरीज आणि कापलेला कर शोधायला शिकवावे, अशी माझी संस्थेला विनंती आहे. मीही येऊन बसेन. गुरुजींची शनिवारची वही पुन्हा सुरू झाली, तर त्यांचे याहून चांगले स्मारक मला दिसत नाही. वहिनी आता दर वर्षी एप्रिलमध्ये स्वतःच बँकेत जातात, अर्जावर सही करतात आणि त्याची पोच मला आणून दाखवितात. पोचेवर तारीख असते.